डमास्कसमधला रविवार : सुट्टीच्या दिवशी वाढलेलं दुखणं

महिनोन् महिने चालणाऱ्या पदभ्रमंतीत लोक अधूनमधून गावात एक दिवस थांबतात आणि त्याला विश्रांती म्हणतात. त्या दिवशी पाय खरोखर किती थांबले, हे मात्र कुणी मोजत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे असे पाय वरचेवर येतात. त्यातलं एक प्रकरण मी जवळून पाहिलं, कारण त्यातली दोघं माझ्या घरचीच आहेत: माझी भाची आणि माझा मुलगा. दोघांच्या संमतीने लिहिते आहे. नावं घालायची नाहीत एवढीच त्यांची अट.

२०२३ च्या मार्चमध्ये दोघांनी जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनवरून ॲपलेशियन ट्रेल चालायला सुरुवात केली. भाची तेव्हा २८ वर्षांची, मुलगा २५ चा. हा ट्रेल अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून १४ राज्यं ओलांडत मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत जातो. लांबी जवळपास २,२०० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. सलग चालणाऱ्याला पाच-सात महिने लागतात. दर चार-पाच दिवसांनी शिधा संपतो, म्हणून गावात उतरावंच लागतं. ज्या दिवशी ट्रेलवर एकही मैल चालायचं नाही तो ‘झिरो’, आणि थोडंसं चालून दुपारपर्यंत गाव गाठायचं तो ‘निअरो’. हे दोन शब्द पुढे सारखे येतील.

डमास्कस हे व्हर्जिनियातलं हजारभरही वस्ती नसलेलं गाव, पण ट्रेलवर त्याचं नाव मोठं. वाट थेट गावातून जाते. रानात झाडांवर दिसणारे पांढरे पट्टे इथे विजेच्या खांबांवर रंगवलेले आहेत. स्प्रिंगरपासून इथवर सुमारे ४७० मैल होतात. दक्षिणेकडून येणाऱ्यासाठी हे व्हर्जिनियातलं पहिलं गाव, आणि पुढे या एकाच राज्यात साडेपाचशे मैलांच्या आसपास चालायचं असतं. त्यामुळे इथे थांबायचं, हे बहुतेकांनी कित्येक दिवस आधीच मनाशी ठरवलेलं असतं.

शनिवार

डमास्कसच्या आधीची धार ट्रेलच्या मानाने सोपी आहे. मोठे चढ-उतार नाहीत आणि शेवटी वाट गावाकडे उतरते. म्हणून बरेच जण हा टप्पा एका दमात मारतात. सव्वीस मैल चालून गावात शिरायचं, गरम पाण्याने अंघोळ करायची, गादीवर झोपायचं. या दोघांनीही २९ एप्रिलला तेच केलं. तोवर त्यांची रोजची सरासरी दहा-अकरा मैलांची होती. सोबतची चार-पाच माणसं निघाली म्हणून हीही निघाली.

भाचीची डावी नडगी आठवडाभर आधीपासून कुरकुरत होती. सकाळी पहिला अर्धा तास दुखायची, मग अंग तापलं की थांबायची. शनिवारी अठराव्या मैलानंतर दुखणं थांबेनासं झालं. तिने दुपारी आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची एक गोळी घेतली, संध्याकाळी आणखी एक. उतारावर ती डावं पाऊल बाहेर फेकून चालत होती, असं मुलाने नंतर सांगितलं. अंधार पडता पडता दोघं हॉस्टेलवर पोचली.

पायात होते ते बूट स्प्रिंगरपासूनचे. असले हलके ट्रेल शूज साधारण ३०० ते ५०० मैल टिकतात. तळ शाबूत दिसतो, पण आतला फोम बसलेला असतो, धक्का झेलत नाही. नवे बूट डमास्कसच्या पोस्टात येऊन पडले होते. ट्रेलवर ही नेहमीची सोय आहे: पार्सलवर आपलं नाव आणि ‘जनरल डिलिव्हरी’ लिहायचं, पोस्ट ते ३० दिवसांपर्यंत ठेवून घेतं, ओळखपत्र दाखवून घ्यायचं. पण शनिवारी पोस्ट लवकर बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. शनिवारी रात्री पोचलेल्याच्या हाती बूट सोमवारी सकाळीच पडणार. या गोष्टीचा विचार दोघांपैकी कुणीच केला नव्हता, आणि पुढचं बरंचसं त्यातूनच घडलं.

रविवार, तासातासाने

मी रविवारी रात्री पोचले. दिवसभराचं मी तिच्या फोनवरून, पावत्यांवरून आणि दोघांच्या सांगण्यावरून जुळवलं.

सकाळी साडेसहाला जाग, कारण बंकरूममधले दोघं पहाटेच सॅक भरत होते. सात वाजता कपडे धुवायला. सगळे कपडे एकदम धुवायचे म्हणून अंगावर फक्त रेनकोट आणि रेनपँट, त्यात यंत्राची रांग, पाऊण तास उभ्याने. मग नाश्त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला. परत येऊन तंबू आणि स्लीपिंग बॅग वाळत घातली. बाराच्या सुमाराला किराणा. दुकान गावाबाहेरच्या अंगाला, पायी गेली, आणि भुकेल्या पोटी खरेदी केल्यामुळे चार दिवसांच्या टप्प्यासाठी सहा दिवसांचं सामान घेतलं. परत आल्यावर लक्षात आलं की गॅसचा डबा राहिला. पुन्हा बाहेर. दुपारी एक अख्खा पिझ्झा, त्यानंतर पोट इतकं जड की रात्री काही खाल्लंच नाही. संध्याकाळी पाण्याचं फिल्टर उलटं पाणी सोडून साफ केलं, फोटो चढवले, घरी फोन, बँकेचं काहीतरी. सोबतची मंडळी ओढ्याकाठी जमली होती, तिथे साडेअकरापर्यंत. ट्रेलवर रात्री नऊला ‘हायकर मिडनाइट’ म्हणतात, कारण तोवर सगळे झोपलेले असतात. हिचं शरीर दीड महिना त्याच वेळेला झोपत होतं.

फोनमध्ये त्या दिवशीची पावलं तेरा हजारांच्या पुढे होती. नऊ किलोमीटरच्या आसपास, सगळी डांबरी रस्त्यावर, आणि तीही कॅम्पवर घालायच्या पातळ फोमच्या चपलांत. रानातली मऊ माती नाही, बुटांचा आधार नाही. पाठीवरचं ओझं तेवढं उतरलं होतं.

संध्याकाळी सहाला तिचा फोन आला होता. “मावशी, दिवसभर आराम केला तरी पाय कालपेक्षा जास्त दुखतोय. आता काय करू?” मी चार तासांच्या अंतरावर होते. निघाले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चालणाऱ्यांना चकवते. भरपूर चालल्यानंतर स्नायूंचं दुखणं त्याच दिवशी कमाल पातळीला जात नाही. ते २४ ते ७२ तासांत वाढत जातं. म्हणजे शनिवारी सव्वीस मैल चालणाऱ्याला रविवारी जास्त दुखणार, सोमवारी कदाचित त्याहून. थांबल्यामुळे दुखलं असं माणसाला वाटतं आणि ‘चालत राहिलेलंच बरं’ हा निष्कर्ष निघतो. मुलाचंही तेच म्हणणं होतं: “आई, थांबलं की अंग आखडतं. ताई उद्या चालायला लागली की मोकळी होईल.” स्नायूंपुरतं त्याचं बरोबर होतं. प्रश्न नडगीचा होता.

सोमवारची तपासणी

रात्री मी एवढंच सांगितलं की सकाळी बघेपर्यंत गोळी घ्यायची नाही. आयबुप्रोफेनच्या अंमलाखालची नडगी तपासून काही कळत नाही. शिवाय दिवसभर घाम गाळून, कमी पाणी पिऊन ती गोळी घेत राहणं मूत्रपिंडांनाही चांगलं नाही. ट्रेलवर ती गोड गोळीसारखी खाल्ली जाते, हे मला फार खटकतं.

सकाळी तिला पलंगावर बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत दाबत गेले. दुखणं खालच्या तिसऱ्या भागात होतं, हाताच्या चार बोटांहून जास्त लांबीवर पसरलेलं. एका बिंदूवर बोट ठेवून ‘इथेच’ असं तिला म्हणता येत नव्हतं. हा फरक महत्त्वाचा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर बहुधा हाडाच्या आवरणावर आणि तिथे चिकटणाऱ्या स्नायूंवर आलेला ताण असतो, ज्याला सगळे शिन स्प्लिंट्स म्हणतात. टाचणीच्या टोकाएवढ्या जागी कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याचा संशय धरावा. हिला उडी मारता आली, दुखली पण आली. रात्री ठणका नव्हता.

इथवर चित्र बरं होतं. मग मी खाण्याबद्दल आणि पाळीबद्दल विचारलं. पाळी दोन आठवडे लांबली होती. ट्रेलवर असं होतंच, असं सोबतच्या मुलींनी सांगितल्यामुळे तिने ते मनावर घेतलं नव्हतं. निघताना वजन ५८ किलो होतं. त्या दुपारी दवाखान्याच्या काट्यावर साडेबावन्न भरलं.

माझ्या दृष्टीने इथे प्रकरणाचं स्वरूप बदललं. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसलं की ते पाळीला आणि हाडाच्या डागडुजीला कात्री लावतं. आणि नेमकी हीच वेळ हाडाला जपायची असते. नवा भार पडू लागला की हाड आधी जुना भाग कुरतडून काढतं आणि नंतर तिथे नवं भरतं. मधल्या काही आठवड्यांत ते आधीपेक्षा कच्चं असतं. दीड महिना चाललेली, साडेपाच किलो गमावलेली, पाळी लांबलेली मुलगी आणि बसलेले बूट. एवढं एकत्र असताना ‘शिन स्प्लिंट्सच आहे’ म्हणून सोडून देणं मला पटेना.

सकाळी पोस्ट उघडल्यावर बूट घेतले. अर्धा नंबर मोठे मागवले होते, ते बरं झालं, कारण अशा चालीत पाऊल पसरतं. मग जवळच्या ॲबिंग्डन गावी दवाखान्यात. एक्स-रे स्वच्छ निघाला. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं की अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ एक्स-रे म्हणजे चालायचा परवाना समजू नका. दाबल्यावरचं दुखणं कमी होईपर्यंत थांबा, दुखणं एका जागी गोळा झालं तर एमआरआय करा.

समोरचे पर्याय

सोमवारी संध्याकाळी तिघं हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसलो. खरं म्हणजे मी थोडं बोलले आणि बरंचसं त्यांनाच बोलू दिलं, कारण चालायचं त्यांना होतं.

पहिला पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा: नवे बूट, टेप, गोळी, आणि मंगळवारी सकाळी निघायचं. मुलाचा कल तिकडे होता. सोबतची टोळी मंगळवारी निघणार होती. गावातला दिवस पैसेही खातो. बंकला रात्रीचे ३०-४० डॉलर, वर बाहेरचं जेवण. ट्रेलवरच्या बहुतेक शेल्टरमध्ये, म्हणजे वाटेवरच्या निवाऱ्यांत, झोपायला काही पडत नाही.

दुसरा पर्याय हॉस्टेलवाल्यांनी सुचवला, स्लॅकपॅक. गाडीने पुढे नेऊन सोडतात आणि माणूस पाठीवर फक्त पाणी-खाऊ घेऊन गावाकडे चालत परत येतो. ओझं वाचतं, मैलही होतात. ऐकायला उत्तम. पण डमास्कस खाली आहे, सहाशे मीटरच्या आतबाहेर, आणि पुढचे डोंगर उंच. व्हर्जिनियातलं सर्वांत उंच शिखर, १,७४६ मीटरचं माउंट रॉजर्स, याच टप्प्यात आहे. गाडीने वर जाऊन खाली चालत यायचं म्हणजे दिवसभर उतार. नडगीला उतारच बाधतो. स्लॅकपॅकच करायचा तर उलट, गावातून वर चालत जाऊन गाडीने खाली यावं. हे आधी भाचीच्या लक्षात आलं, नंतर माझ्या.

तिसरा पर्याय घरी येऊन दोन आठवडे राहण्याचा. वैद्यकीयदृष्ट्या मला हा सर्वांत निर्धोक वाटत होता. पण घरी आलेला माणूस ट्रेलवर परत जातोच असं नाही, आणि तिला ते ठाऊक होतं. तिने नुसती मान हलवली.

ठरलं ते असं: मंगळवार आणि बुधवार पूर्ण झिरो. बुधवारी संध्याकाळी सपाटीवर अर्धा तास चालून बघायचं. न दुखता जमलं तर गुरुवारी निघायचं, पण रोज आठ मैलांच्या आत आणि गोळीशिवाय. दुखलं तर घरी.

राहिला प्रश्न दोघांनी एकत्र राहण्याचा. मुलगा थांबायला तयार होता. भाची म्हणाली, “तू जा रे. तू माझ्यासाठी इथे बसून राहिलास, तर मी तुझ्यासाठी घाईने चालेन.” इतकं स्वच्छ मी कुणा रुग्णाकडून क्वचितच ऐकलं आहे. सोबत्याच्या थांबण्याचं ओझं दुखऱ्या पायावर पडतं आणि तो पाय लवकर बरा असल्याचं सांगू लागतो. अडचण होती ती तंबू, स्टोव्ह आणि फिल्टर दोघांत मिळून होते त्याची. माझा एकट्यापुरता तंबू गाडीत होता तो तिला दिला, फिल्टर गावात नवं घेतलं, स्टोव्ह तिच्याकडे राहिला आणि मुलाने पुढचे चार दिवस थंडच खाल्लं. दोघं निघताना सगळं सामाईक घेऊन निघतात, वजन वाचतं म्हणून. वेगळं व्हायची पाळी आली तर काय, याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा.

खरा झिरो कसा दिसला

मंगळवारी सकाळी मुलगा निघाला. लॉरेल ॲव्हेन्यूवरून टोळी सॅक चढवून जाताना भाचीने खिडकीतून पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हा भागही नोंदवायला हवा. सगळे पुढे जात असताना पडून राहणं अवघड असतं, आणि त्या अस्वस्थतेपोटीच माणसं झिरोच्या दिवशी गावभर फिरत राहतात.

आम्ही बंकरूम सोडून एक स्वतंत्र खोली घेतली. त्या रात्री ती दहा तास झोपली. पाय दोन उशांवर, हृदयाच्या पातळीच्या वर, मोजे काढून. घोट्याभोवतीची सूज दुपारपर्यंत इतकी उतरली की हाडाची कड दिसू लागली. बोटांमधली पांढरी, भिजून सुरकुतलेली कातडी कोरडी व्हायला लागली.

खाणं मी घड्याळावर लावलं, दर तीन तासांनी, भूक असो-नसो. एकाच वेळी डोंगराएवढं खाल्लं की चालणाऱ्याचं पोट बिघडतं आणि उरलेला दिवस उपाशी जातो. रविवारी तेच झालं होतं. रिकामे झालेले ग्लायकोजेनचे, म्हणजे शरीरातल्या साठवलेल्या साखरेचे, साठे पुरेसं पिष्टमय खाल्लं तर दिवसभरात बरेचसे भरतात. तिच्या वजनाला चारशे ते पाचशे ग्रॅम पिष्ट लागणार होतं. भात, बटाटे, ब्रेड, केळी, दूध, दही असं दिवसभर चालू राहिलं, अंडी आणि चिकन सोबतीला. संध्याकाळी ती म्हणाली, “मला इतके दिवस भूक लागलीच नव्हती, हे मला आत्ता कळतंय.”

किराण्यातलं जादा सामान मी हॉस्टेलच्या हायकर बॉक्समध्ये टाकलं. नको असलेलं ठेवायची, हवं ते घ्यायची ती सोय असते. सहा दिवसांचा शिधा म्हणजे पाच किलोच्या आसपास. दुखरी नडगी घेऊन एवढं ओझं चढावर नेणं परवडणारं नव्हतं. साबणाने हात धुण्याचा आग्रह मी दोघांनाही निघताना केला होता, कारण ट्रेलवर जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसची साथ फिरते आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.

मंगळवारी तिची पावलं दोन हजारांच्या आत होती.

एक दिवसाची विश्रांती काय दुरुस्त करते हे मी तिला नीट सांगितलं. झोप भरून निघते, पाणी आणि साखर भरते, सूज उतरते, कातडी सुकते. हाड आणि स्नायुबंध एका दिवसात बरे होत नाहीत, दोन दिवसांतही नाहीत. दोन दिवसांत फक्त हे कळतं की दुखणं कोणत्या दिशेने चाललं आहे. पुढची दुरुस्ती चालण्याच्या बेतातूनच करावी लागते.

बुधवारी दाबल्यावरचं दुखणं निम्म्यावर आलं होतं आणि लांबीनेही आखडलं होतं, पण बिंदूवर गोळा झालं नव्हतं. संध्याकाळी आम्ही व्हर्जिनिया क्रीपर ट्रेलवर गेलो. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेली ही वाट गावातूनच जाते, चढ अगदी मामुली, पायाखाली बारीक खडी. चाचणीसाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळाच्या पुराने डमास्कसपासून व्हाइटटॉपकडची तिची बाजू उद्ध्वस्त केली, त्यामुळे पुढे जाणाऱ्यांनी तिथली सद्यस्थिती पाहूनच बेत करावा. भाची नव्या बुटांत पस्तीस मिनिटं चालली. दुखलं नाही.

त्यानंतर

गुरुवारी ४ मे रोजी ती निघाली. पहिले दिवस सहा-सात मैलांचे. इतकं हळू चालायचं तर शिधा जास्त दिवसांचा लागतो, म्हणजे पुन्हा ओझं. म्हणून तीन दिवसांचंच खाणं घेऊन ती निघाली आणि मी गाडीने एल्क गार्डनच्या रस्त्यावर पुढचं नेऊन दिलं. प्रत्येकाची मावशी गाडी घेऊन हजर नसते, पण हॉस्टेलचे शटलवाले अशी ने-आण पैसे घेऊन करतात, आणि या एका कामासाठी ते पैसे मला सत्कारणी वाटतात.

पुढच्या दोन आठवड्यांत नडगी दोनदा जाणवली, दोन्ही वेळा लांब उतारानंतर. दोन्ही वेळा तिने दुसऱ्या दिवशी चाल निम्मी केली. पाळी मेच्या शेवटी परत आली. एमआरआय करायची वेळ आली नाही.

बदल दिसला तो व्हर्जिनियातच पुढे असलेल्या डेलव्हिल गावी. मेच्या अखेरीस ती तिथे पोचणार होती आणि सोमवारी, २९ मेला, मेमोरियल डेची सरकारी सुट्टी. पोस्ट बंद. तिने तो हिशोब आठवडाभर आधी केला आणि मंगळवार गाठायचा ठरवला. त्या टापूत ठरलेल्या जागा सोडून तंबू टाकायला बंदी आहे, म्हणून सोमवारची रात्र लँबर्ट्स मेडो शेल्टरला, गावाच्या साडेनऊ मैल अलीकडे. पहाटे साडेपाचला निघून साडेदहाला गावात. पार्सल, कपडे, किराणा, फिल्टर, फोन, सगळं मंगळवारी चारच्या आत, तेही बूट पायात असताना. किराण्याची यादी तिने शेल्टरमध्ये बसूनच करून ठेवली होती आणि दुकानात जेवून गेली. बुधवार सबंध रिकामा. त्या दिवशीची पावलं तिने मला पाठवली, दीड हजारही नव्हती.

ट्रेलवर निअरो बहुतेक लोक पैसे वाचवायला करतात, एका रात्रीचं भाडं वाचावं म्हणून. मला त्याचा खरा उपयोग हा दिसला. कामं निअरोला करायची, म्हणजे झिरोला करायला काही उरत नाही. निअरो न करता झिरो घेतला की तोच निअरो होतो, आणि तो डांबरावर चालावा लागतो.

भाची ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कटाडिनवर पोचली. मुलगा ऑगस्टच्या अखेरीसच पोचला होता. त्याने वाटेत तिच्यापेक्षा कितीतरी कमी झिरो घेतले आणि त्याच्या पायांना काही झालं नाही. हेही या प्रकरणात नोंदवलं पाहिजे. तिचा पाय दोन दिवसांच्या विश्रांतीने सुधारला, नव्या बुटांनी सुधारला, खाण्याने सुधारला की चाल कमी केल्याने, हे वेगळं काढता येत नाही. चारही गोष्टी आम्ही एकाच आठवड्यात केल्या. मुलाचं मत बुटांच्या बाजूने आहे. शनिवारी दुपारी बूट हातात असते तर रविवार इतका वाया गेला नसता, असं तो म्हणतो. माझं मत खाण्याकडे झुकतं, पण त्याचंही मला बरंचसं पटतं. पुढच्या प्रत्येक जोडीसाठी भाचीने चारशे मैल हीच मर्यादा धरली आणि बूट संपायच्या एक गाव अलीकडेच नव्यांचं पार्सल मागवलं, पत्त्याखाली पोस्टाच्या वेळा पेनाने लिहून.